किनाऱ्यावर मेलेला देवमासा आलाय, आम्हीच जेसीबी लावून पुरला तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही राहता पुण्यात, दापोलीकडे समुद्राला लागून तुमचं होमस्टे आहे, समोरच्या पुळणीवर तीस-पस्तीस फुटी मेलेला देवमासा लागलाय, वासाने बुकिंग कॅन्सल व्हायला लागलंय, कोणी येईना, मग स्वतःच्या खर्चाने जेसीबी बोलावून पुरावा की होडीने ओढून समुद्रात सोडावा.

दोन्ही करू नका. आधी वन विभागाला फोन लावा, हेल्पलाइन 1926, शिवाय तालुक्याच्या रेंज ऑफिसला माणूस पाठवा, आणि पोलीस पाटलांना सांगून ठेवा. हे फक्त नियम म्हणून सांगत नाही. माझा धंदा मशिनरीचा आहे, धायरीत ऑफिस, दोन पोकलेन आणि एक जेसीबी, आणि काही वर्षांपूर्वी दापोली तालुक्यातल्याच एका गावात देवमासा पुरायचं काम मी केलंय, म्हणजे खरं तर दुसऱ्यांदा पुरायचं, कारण आधी एकदा पुरून झाला होता आणि तो वर आला होता.

झालं असं की रस्त्याचं काम पावसामुळे बंद होतं आणि माझं 20 टनी पोकलेन माणगावला उभं होतं. श्रावण चालू होता. सप्तमीच्या आसपास मासा लागला, वास यायला लागला, आणि गावातल्या चार-पाच लोकांनी वनखात्याची वाट न बघता दुसऱ्या दिवशी गावातलाच जेसीबी लावून खड्डा मारला आणि ढकलून दिला. त्यांनी बघितलं की भरतीचं पाणी इथपर्यंत येतंय, त्याच्या वर दहा-बारा पावलं खड्डा घेतला, झालं काम. पण अष्टमीला असतो भांग, तेव्हा भरती मुळात कमी चढते. पुढे पौर्णिमा, तीही नारळी पौर्णिमा, उधाण. त्यात पावसाळ्यात समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतो, पुळण खाली बसते, ती दिवाळीनंतर हळूहळू परत भरते. म्हणजे वरून पाणी चढतंय आणि खालून वाळू जातेय. चतुर्दशीच्या भरतीने त्या माशाची पाठ उघडी पाडली आणि मग जो वास सुटला तो सहा दिवसांचा होता, माझा ऑपरेटर पंधरा वर्षं मशीनवर आहे, गटारांची कामं केलेली, तो केबिनमधून उतरून दोनदा सुरूच्या बनात जाऊन बसला.

म्हणून तुम्हाला पहिला प्रश्न माझा हाच की आज तिथी कुठली? भरतीची रेषा आज दिसते ती धरू नका, गावातल्या म्हाताऱ्या तांडेलांना, म्हणजे होड्या चालवणाऱ्यांना, विचारा की उधाणाला पाणी कुठवर येतं, ते बरोबर बोट दाखवतील. आम्हाला एका आजोबांनी सुरूच्या मुळाशी अडकलेला जुना काटक्या-प्लास्टिकचा पट्टा दाखवला होता, ती खरी रेषा. त्याच्या वर खड्डा. पण तिथे घरं आणि विहिरी जवळ येतात, आणि देवमाशाचं तेल आणि पाझर महिनोन्‌महिने वाळूत उतरत राहतो, तेव्हा विहिरीपासून लांब जागा शोधावी लागते. तुमच्या होमस्टेची विहीर किती फुटांवर आहे ते आत्ताच मोजून ठेवा, वन विभागाची माणसं आली की हे त्यांना सांगा, बाहेरून आलेल्यांना विहिरी दिसत नाहीत.

आमच्या वेळी वनखात्याची टीम आणि पशुवैद्यकीय डॉक्टर मासा वर आल्यावरच आले, आणि मला जास्त मनाला लागलं ते इथे. डॉक्टर मॅडमनी टेपने लांबी घेतली, 36 फूट. जबड्यातली ती झालर दाखवली, आपल्या खराट्याचे हीर असतात ना तसे शेकडो हीर एकाला एक लागून, त्यातून पाणी गाळून हा छोटे मासे खातो, दात नाहीतच. मग डोक्यावर हात फिरवून म्हणाल्या इथे तीन उभे कंगोरे लागतात बघा, म्हणजे ब्रायडीज व्हेल, त्याच्या नात्यातल्या बाकीच्यांना एकच असतो. मीही हात लावला, हातमोजा घालून. कातडी ओल्या कागदासारखी सुटत होती पण ते तीन कंगोरे बोटांना स्पष्ट लागत होते. मी विचारलं, मॅडम मेला कशाने? जहाजाने ठोकरला असेल, जाळ्यात अडकला असेल, आजारी असेल, पण आतलं सगळं पाणी झालं होतं, सहा दिवस गेले होते, त्यांना काहीच सांगता आलं नाही. नमुने घेतले तेवढेच. पहिल्या दिवशी कोणी थांबलं असतं तर कळलं असतं. एवढं मोठं जनावर आपल्या दारात येऊन पडलं आणि ते कशाने गेलं हे कोणालाच कधी कळणार नाही, मला ते अजून खुपतं. म्हणून तुम्ही काही करायच्या आधी निदान लांबून सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, शेपटी, डोकं, पोटाची बाजू, कुठे जखम किंवा दोर-जाळ्याचा वळ असेल तर तो, आणि शेजारी एखादा माणूस उभा करा म्हणजे मापाचा अंदाज येतो.

होडीने ओढायचं म्हणाल तर कोकणासमोरचा समुद्र लांबवर उथळ आहे, मुंबईसमोर तर ते उथळ पाणी साधारण 300 किलोमीटर पसरलेलं आहे. खरं खोल पाणी मिळालं तर तिथे बुडालेला देवमासा तळच्या जीवांना वर्षानुवर्षं पुरतो, ते उत्तमच, पण आपल्या मच्छीमार होडीच्या आवाक्यातलं ते काम नाही. जवळ सोडलात तर फुगलेला मासा तरंगत राहणार, रात्री एखादी होडी त्यावर जाणार, नाहीतर वाऱ्याने शेजारच्या गावाला लागणार. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू लागलं होतं ते तर जिवंत होतं, लोकांनी दिवसरात्र पाणी मारून त्याला जपलं, खोल पाण्यात नेऊन सोडलं, तरी ते परत किनाऱ्याला येऊन मेलं. रेवदंड्याला जून 2015 मध्ये 42 फुटी निळा देवमासा जिवंत लागला, कोळी बांधवांनी आणि वनखात्याने जीव तोडून ढकलायचा प्रयत्न केला, तोही वाचला नाही, किनाऱ्यावरच पुरला. मेलेला ओढणं त्याहून अवघड.

आणि शेपटीला दोर बांधून खेचणं तर अजिबात नको. कुजायला लागलेल्या माशाची शेपटी हातात येते आणि धड तिथेच राहतं. क्रेनला लावतात तसे रुंद पट्टे धडाखालून घालावे लागतात, दोन ठिकाणी, आणि बकेटच्या दातांनी ढकलायचं नाही, दात आत गेले की पोट फुटतं. चरबीच्या जाड थरामुळे आतली उष्णता बाहेर पडत नाही, आत कुजून गॅस धरतो. तैवानमधल्या ताइनान शहरात जानेवारी 2004 मध्ये ट्रेलरवरून नेत असताना एक मोठा देवमासा भर रस्त्यात फुटला, दुकानं आणि गाड्या रक्ता-आतड्यांनी भरल्या. अमेरिकेत ओरेगॉनला 1970 मध्ये अर्धा टन डायनामाइट लावून उडवायला गेले तर चरबीचे धोंडे लांब उभ्या गाडीवर पडून गाडी चेपली. तेव्हा काठीने भोसकून बघणारी पोरं, सेल्फीवाले, कुत्री, सगळ्यांना लांब ठेवा, आणि हाताला चीर-जखम असलेल्या कोणीही हात लावू नये, त्यातून जंतू आत जातात. गॅस सोडायची भोकं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, लांब दांड्याच्या पात्याने, वाऱ्याकडे पाठ करून.

आमचं दुसरं पुरणं असं झालं. पौर्णिमेला तिकडे भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी पहाटे सहाच्या सुमारास, म्हणून मशीन रात्रीच पुळणीच्या तोंडाशी आणून ठेवलं आणि पाचला हेडलाइटमध्ये सुरुवात केली. वाळूत खड्डा उभा टिकत नाही, कडा ढासळतात, तेव्हा पायऱ्या काढत रुंद घ्यावा लागतो, लांबीला माशापेक्षा दहा फूट जास्त. आठ फुटांवर पाणी लागलं. पाण्यात मासा तरंगतो आणि वाळू टाकली तरी हळूहळू वर येतो, म्हणून पाणी लागलं की जागा बदलायची, आम्ही सुरूच्या कडेला वर सरकून दुसरा मारला. आधी डॉक्टरांनी गॅस सोडला, मग पट्ट्यांवर धरून एक मशीन ओढतंय आणि दुसरं मागून बकेटच्या पाठीने हलकंच रेटतंय असं तासभर चाललं. वर सात फूट वाळू आणि त्यावर ढीग, कारण आतलं कुजून दबलं की जमीन खचते. त्या जागेभोवती बांबू रोवून घ्या, नाहीतर एखादी गाय पाय रुतून बसेल. नोव्हेंबर ते मार्च असेल तर मशीन न्यायच्या आधी कासवमित्रांना विचारा, तुमच्याकडे वेळास-आंजर्ल्याच्या बाजूला ऑलिव्ह रिडलेची घरटी असतात, चेनखाली एक घरटं गेलं तर शंभरेक अंडी गेली.

वन विभागाला सांगाडा हवा असेल तर ते जागा मोजून ठेवतात आणि काही वर्षांनी हाडं काढतात, रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे, मुलांना घेऊन जाऊन नक्की बघा. पण स्वतः आठवण म्हणून एक मणकासुद्धा उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत देवमासे आहेत, मेलेलं जनावरही सरकारची मालमत्ता धरली जाते, शिक्षा तीन ते सात वर्षं आणि दंड किमान 25 हजार.

अजून एक, तुमच्या होमस्टेवर पुण्यातून फोन येतील की देवमाशाची उलटी सापडली का, कोटींची असते म्हणे. मला तेव्हा आठवडाभर येत होते, ओळखीच्या, शिकलेल्या लोकांचे. ती उलटी म्हणजे अंबर, ते फक्त दातवाल्या स्पर्म व्हेलच्या आतड्यात होतं, त्यातही फार थोड्यांच्या, आणि त्याचा व्यवहार आपल्याकडे गुन्हा आहे, पुण्यातही लोक पकडले गेलेत. कोणी रात्री कोयता घेऊन पोट फाडायला येईल, खरंच येतात, तेव्हा दोन माणसं राखणीला बसवा.

त्या सकाळी वाळू टाकायच्या आधी गावातल्या कोळणी आल्या, नारळी पौर्णिमेचे नारळ समुद्राला द्यायला निघालेल्या, त्यातल्या एका आजींनी खड्ड्याच्या कडेला येऊन हळद-कुंकू वाहिलं आणि एक नारळ माशापाशी ठेवला. माझ्या ऑपरेटरने न सांगता मशीन बंद केलं. सगळं होईपर्यंत कोणी बोललं नाही, मग मॅडमनी हात वर केला आणि आम्ही पहिली बकेट टाकली.

तुमचा मासा कधी लागला ती तारीख आणि आजची तिथी इथे खाली लिहा, भरतीच्या वेळा बघून किती वेळ मिळतोय ते सांगतो. वन विभागाने परवानगी दिली आणि तिकडे मोठं मशीन नाही मिळालं तर माझं सध्या मंडणगडला आहे, डिझेल आणि ट्रेलरचं भाडं तेवढं द्या, बाकी काही नको.