सिम्युलेटर चाचणीत चार हजार तासवाले कुठे अडतात

तुमचा प्रश्न असा: एअरबस ए३२० वर चार हजार तास झालेत, परदेशी एअरलाईनने सिम्युलेटर चाचणीला बोलावलंय, पण टेकऑफनंतर लगेच ऑटोपायलट लावायची सवय आहे, तयारी कशी करावी?

लायसन्स बदलणं, मेडिकल, हे वेळ खातं पण होऊन जातं. परदेशी एअरलाईनकडे यायला निघालेले अनुभवी वैमानिक अडकतात ते रॉ डेटा आयएलएसवर, म्हणजे धावपट्टीच्या रेडिओ संकेतांच्या नुसत्या खुणा बघून हाताने उतरण्यावर: ऑटोपायलट, ऑटोथ्रस्ट (इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा), दोन्ही फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे न्यायचं ते सांगणाऱ्या पडद्यावरच्या रेषा) बंद.

पहिली चूक ऑटोथ्रस्ट काढतानाच होते. थ्रस्ट लिव्हर क्लाइंबच्या (चढतानाच्या जोराच्या) खाचेत असताना ऑटोथ्रस्ट काढायचं बटण दाबलं तर इंजिनं थेट क्लाइंब थ्रस्टकडे धावतात. आधी लिव्हर मागे घेऊन एन१ च्या (इंजिनाच्या पंख्याच्या फिरण्याच्या) डायलवरचं लिव्हरचं गोल चिन्ह चालू थ्रस्टशी जुळवा, मगच बटण दाबा.

नंतर नजर. फ्लाइट डायरेक्टर गेला की ती ग्लाइडस्लोपच्या (उतरण्याच्या तिरप्या मार्गाच्या) हिऱ्याच्या आकाराच्या खुणेवर खिळते. तेवढ्यात हेडिंग (नाकाची दिशा) सरकतं, वेग पडतो. पिच (नाकाचा वर-खाली कोन), लोकलायझर (धावपट्टीच्या मध्यरेषेची खूण), पिच, वेग, पुन्हा पिच असं नजरेने फिरत राहा. आकडे तोंडपाठ हवेत. तीन अंशांच्या ग्लाइडस्लोपवर उतरण्याचा दर म्हणजे ग्राउंड स्पीडची निम्मी आणि पुढे शून्य: १४० नॉट्सला मिनिटाला ७०० फूट. लोकलायझर सुटला तर हेडिंग एका वेळी ५ अंशांहून जास्त बदलू नका. साइडस्टिक मुठीत आवळू नका. बोटांनी हलकं ढकला, सोडा, परिणाम बघा. सतत घुसळणाऱ्याचं विमान डोलतं, आणि परीक्षकाला ते लगेच दिसतं.

वेगावरचं लक्ष मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एशियानाच्या बोइंग ७७७ चा ऑटोथ्रॉटल (बोइंगमधला ऑटोथ्रस्ट) होल्ड मोडमध्ये, म्हणजे वेग न सांभाळणाऱ्या स्थितीत, गेला होता. तो वेग सांभाळतोय असा वैमानिकांचा समज राहिला. १३७ नॉट्स हवे असताना वेग १०३ पर्यंत घसरला, तिघांचा जीव गेला.

वेगदर्शकच बिघडल्यावर काय, हेही विचारतात. २००९ च्या एअर फ्रान्स ४४७ मध्ये वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या गोठल्या, ऑटोपायलट सुटला, पिच वर खेचली गेली आणि विमान स्टॉलमध्ये गेलं, म्हणजे पंखांची उचल सुटली. अशा वेळी ए३२० वर धरायच्या पिचचे आकडे: १०,००० फुटांखाली १० अंश, वर ५ अंश, दोन्हीकडे क्लाइंब थ्रस्ट, टेकऑफनंतर थ्रस्ट कमी करण्याआधी १५ अंश आणि टोगा (इंजिनांचा पूर्ण जोर).

सराव आजच्या नोकरीतच सुरू करा. कंपनीचं मॅन्युअल परवानगी देत असेल तर स्वच्छ हवेत, कमी रहदारीत, सहकाऱ्याला ब्रीफिंगमध्ये सांगून. आधी फ्लाइट डायरेक्टर ठेवून १०,००० फुटांपर्यंत हाताने चढा, नंतर ऑटोथ्रस्टशिवाय अप्रोच, आणि ते जमल्यावरच फ्लाइट डायरेक्टर काढा.