चॅटबॉट म्हणाला ‘रिटर्न होईल’, कंपनी आता नाही म्हणते. एआयचा कायदाच नाही तर नाशिकमधून तक्रार करता येईल का?
हो, नक्की करता येईल, एआयसाठी वेगळा कायदा आपल्याकडे अजून नाही हे खरं पण २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे ना, खोटी माहिती माणसाने दिली काय नि मशीनने दिली काय, तुमचा हक्क जात नाही. मी लोकांना असे अर्ज लिहून देतो म्हणून सांगतो, आधी चॅटचा स्क्रीनशॉट काढा, तारीख, वेळ, ऑर्डर नंबर सगळं दिसलं पाहिजे. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, नाहीच ऐकलं तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस टाका, कंपनी बंगळुरूची असली तरी, कारण ग्राहक राहतो तिथे दावा चालतो आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. फक्त चॅटमधल्या तुमच्या पर्सनल डेटाचं प्रकरण वेगळं, २०२३च्या डेटा कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले खरे पण मुख्य तरतुदी लागू व्हायला तेव्हापासून १८ महिन्यांची मुदत दिलीय.