लाइव्ह शोमध्ये लॅपटॉपवरचे टोन बदलताना: कीबोर्डवाल्यांचे प्रश्न

गणपती जवळ आले की कीबोर्डवाल्यांचे प्रश्न वाढतात, आणि ह्या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती आहेत: लॅपटॉपमधले टोन स्टेजवर पटापट आणि न चुकता बदलायचे कसे. वर्कस्टेशनवर, म्हणजे सगळे टोन आतच असलेल्या कीबोर्डवर, एक बटण दाबलं की काम व्हायचं. लॅपटॉपमध्ये बासरी एका प्लगिनमध्ये (आवाज तयार करणारं छोटं सॉफ्टवेअर), स्ट्रिंग्ज दुसऱ्यात, पियानो तिसऱ्यात, आवाज फार सुंदर मिळतो पण बदलाची सगळी व्यवस्था आपल्याला लावावी लागते. एकेक प्रश्न घेतो.

प्रश्न: विंडोज लॅपटॉप, ८ जीबी रॅम, ६१ कीचा मिडी कंट्रोलर (फक्त नोट्स पाठवणारा कीबोर्ड). सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं सॉफ्टवेअर) बासरी वाजवून झाली की स्ट्रिंग्जचा प्रीसेट उघडतो, तर दोन-तीन सेकंद आवाजच येत नाही, तोवर अंतरा सुरू झालेला असतो. मिडी स्लो आहे का?

मिडीचा, म्हणजे कीबोर्ड ज्या मेसेजांनी लॅपटॉपशी बोलतो त्यांचा, काही दोष नाही हो. जुन्या पाच पिनच्या केबलवरसुद्धा मिडी सेकंदाला ३१,२५० बिट्सच्या वेगाने जातो, प्रोग्रॅम चेंजचा, म्हणजे टोन बदलायचा, मेसेज दोन बाइटचा, म्हणजे एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. तुमचा वेळ जातोय तो डिस्कवरून सॅम्पल रॅममध्ये यायला. तुम्ही टोन बदलत नाही आहात, टोन लोड करताय, आणि ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दीड जीबीचा टोन साध्या हार्ड डिस्कवरून सेकंदाला १०० एमबीने आला तरी १५ सेकंद होतात, साटा एसएसडीवर सेकंदाला ५०० एमबी धरले तरी तीन सेकंद. १२० च्या टेम्पोला एक बीट अर्ध्या सेकंदाची असते, म्हणजे तीन सेकंदांत सहा बीट्स गेल्या.

म्हणून माझं ठाम मत असं की स्टेजवर काहीही लोड करायचं नाही. शोमध्ये लागणारे सगळे टोन शो सुरू व्हायच्या आधी रॅममध्ये बसलेले पाहिजेत, आणि बटण दाबल्यावर फक्त एवढंच बदललं पाहिजे की कीबोर्डच्या नोट्स आता कुठल्या प्लगिनला जाणार. हे काम सॅम्पलरचं नाही, होस्टचं आहे, म्हणजे सगळे प्लगिन ज्याच्या आत चालतात त्या सॉफ्टवेअरचं. मॅकवर मेनस्टेज आहे, विंडोज आणि मॅक दोन्हीवर गिग परफॉर्मर आहे, विंडोजवर कॅन्टाबिले आहे. तिन्ही लाइव्हसाठीच बनवलेली आहेत, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक म्यूट-अनम्यूट करत बसण्यापेक्षा ह्यातलं एक नीट शिका.

आता ८ जीबीमध्ये सगळं कसं बसवायचं. प्रत्येक गाण्याला नवीन पियानो लोड करू नका, अख्ख्या शोला एकच पियानो, एकच स्ट्रिंग्ज, एकच बासरी घ्या आणि गाण्यागाण्यात फक्त व्हॉल्यूम, ऑक्टेव्ह, फिल्टर बदला. मेनस्टेजमध्ये ह्यासाठी अलायस आहे, एकच इन्स्ट्रुमेंट अनेक पॅचमध्ये (पॅच म्हणजे एका बटणावर लागणारी टोनची मांडणी) दिसतं पण रॅम एकदाच खातं. गिग परफॉर्मरमध्ये ग्लोबल रॅकस्पेस आहे, कॅन्टाबिलेमध्ये लिंक केलेले रॅक. रिव्हर्बही (आवाज घुमवणारा इफेक्ट) प्रत्येक पॅचमध्ये वेगळा नको, एकच कॉमन ठेवा, प्रोसेसर वाचतो. कॉन्टॅक्ट हा सॅम्पलर वापरत असाल तर पर्ज करा, म्हणजे जे सॅम्पल वाजतच नाहीत ते रॅममधून निघून जातात, पण पर्ज करून झाल्यावर अख्खं गाणं एकदा वाजवून बघा, नाहीतर ऐनवेळी एखादी नोट गप्प बसेल. कॉन्टॅक्टमध्ये इन्स्ट्रुमेंट बँक नावाची सोयही आहे, १२८ खाने असतात आणि प्रोग्रॅम चेंजने खाना बदलतो, त्यातले टोन आधीच लोड असतात. ज्यांना फक्त एकच सॅम्पलर वापरायचा आहे त्यांना एवढंही पुरतं.

एवढं करूनही रॅम पुरत नसेल तर ती आधी वाढवा, नवीन लायब्ररी नंतर घ्या.

प्रश्न: कीबोर्डवर ५ नंबर दाबला की लॅपटॉपमध्ये ६ वा पॅच लागतो, कधी वेगळ्याच बँकेतला लागतो. कारण काय?

मिडीमध्ये प्रोग्रॅमचे नंबर ० ते १२७ असे जातात, पण बऱ्याच कंपन्या स्क्रीनवर १ ते १२८ दाखवतात. तुमचा कीबोर्ड शून्यापासून दाखवतोय आणि सॉफ्टवेअर एकपासून, म्हणून एकाचा फरक. दोन्हीपैकी एकीकडे मोजायची पद्धत बदलायचं सेटिंग मिळालं तर बदला, नाही मिळालं तर होस्टच्या मिडी मॉनिटरमध्ये खरा आकडा बघून तोच पॅचला द्या, स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

बँकेचं असं की प्रोग्रॅम चेंजमध्ये १२८ च्या पुढे जागाच नाही, म्हणून त्याच्या आधी बँक सिलेक्ट जातो, सीसी (कंट्रोल चेंज मेसेज) ० आणि सीसी ३२, आणि मग प्रोग्रॅम चेंज. क्रम हाच. नुसता बँक सिलेक्ट पाठवला तर आवाज बदलत नाही, तो पुढच्या प्रोग्रॅम चेंजची वाट बघत बसतो, आणि मग पुढचं बटण दाबल्यावर भलत्याच बँकेतला टोन लागतो. तुमच्याकडे तेच होत असणार. लॅपटॉपसाठी १२८ पॅच भरपूर झाले, होस्टमध्ये सीसी ० आणि ३२ फिल्टर करून टाका.

आणि एक, प्रोग्रॅम चेंज थेट प्लगिनला पाठवण्याच्या भानगडीत पडू नका. व्हीएसटी ३ फॉरमॅटच्या प्लगिनला असे मेसेज जसेच्या तसे पोचतीलच असं नाही, एक प्लगिन ऐकतो, दुसरा नाही. होस्टला मेसेज द्या, होस्ट बदल करेल.

प्रश्न: मुखड्याच्या शेवटी स्ट्रिंग्जचा कॉर्ड धरून ठेवायचा असतो आणि लगेच बासरीचा पीस. पॅच बदलला की कॉर्ड तुटतो, आणि कधीकधी उलट होतं, कॉर्ड अडकून वाजतच राहतो.

हा मला ह्या वेळचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो, कारण ऐकणाऱ्याला टोन चुकलेला एकवेळ कळत नाही पण तुटलेला कॉर्ड अख्ख्या मैदानाला कळतो.

अडकतो का ते आधी. तुम्ही सस्टेन पेडल दाबलं, म्हणजे स्ट्रिंग्जच्या प्लगिनला सीसी ६४ गेला. पेडल दाबलेलं असतानाच पॅच बदलला, आता पाय उचललात तर पेडल सुटल्याचा मेसेज बासरीला गेला, स्ट्रिंग्जला तो मिळालाच नाही, ते बिचारे अजून पेडल दाबलंय असंच समजून वाजतायत. नोट ऑफचंही तसंच. म्हणून चांगला होस्ट जुन्या नोट्सचा हिशोब जुन्याच पॅचकडे ठेवतो: मेनस्टेजमध्ये धरून ठेवलेल्या नोट्स जुन्या पॅचमध्येच चालू राहतात आणि नवीन दाबलेल्या नवीन पॅचमध्ये वाजतात, गिग परफॉर्मरच्या चौथ्या व्हर्जनपासून पॅच पर्सिस्ट नावाने हीच सोय आहे. तुमच्या होस्टमध्ये अशी सोय असेल तर निम्मा प्रश्न तिथेच मिटला. तरीही घरी बसून नेमका तोच कॉर्ड, तोच पेडल, तोच बदल वीसेक वेळा करून बघा, कारण रिव्हर्ब पॅचच्या आत असेल तर कॉर्ड टिकूनही त्याची शेपटी कापली जाऊ शकते. रिव्हर्ब कॉमन ठेवा म्हटलं त्याचं हे दुसरं कारण.

पण मी विचारतो, तिथे पॅच बदलायचाच कशाला? स्ट्रिंग्ज डाव्या हातात, बासरी उजव्या हातात, एकाच पॅचमध्ये स्प्लिट करा, म्हणजे कीबोर्डचे दोन भाग. बासरीच्या पीसला ह्या गाण्यात समजा दीड ऑक्टेव्ह लागतो, तर ६१ कीमध्ये वरच्या दोन ऑक्टेव्ह तिला द्या, बाकीच्या तीन स्ट्रिंग्जना, बासरीचा सूर वर-खाली लागत असेल तर त्या झोनला ऑक्टेव्ह शिफ्ट द्या. एका मात्रेच्या आत होणारा प्रत्येक बदल असाच स्प्लिटने सोडवायचा आणि बटण ठेवायचं ते गाण्याचा भाग बदलतो तिथे, जिथे हाताला श्वास घ्यायला जागा आहे. मी तर म्हणेन की गाण्याचं नोटेशन लिहितानाच बदलाच्या जागा पेनाने मार्क करा आणि जितक्या कमी करता येतील तितक्या करा.

अडकलाच कॉर्ड तर पॅनिक बटण हाताशी हवं. स्वतः बनवत असाल तर सगळ्या चॅनेलवर आधी सीसी ६४ शून्य पाठवा आणि मग सीसी १२३, कारण पेडल दाबलेलं असेल तर नुसत्या १२३ ने नोट्स थांबत नाहीत. सीसी १२० सगळंच झटकन बंद करतो, शेपटीसकट, म्हणून तो शेवटचा उपाय.

प्रश्न: गाण्यांचा क्रम लावून सेटलिस्ट केली होती, पण शोमध्ये फर्माईश आली, वन्स मोअर आला, निवेदकाने दोन गाणी पुढेमागे केली आणि गायिकेने ऐनवेळी पट्टीही बदलली. हे सगळं कसं सांभाळायचं?

ब्रॉडवेच्या म्युझिकलमध्ये कीबोर्ड प्रोग्रॅमर हा वेगळा माणूस असतो, प्लेअरच्या नोटेशनमध्येच पॅच नंबर छापलेले असतात आणि प्लेअर पेडल दाबत फक्त पुढे पुढे जातो. तिथे ते चालतं कारण रोज तेच नाटक, तोच क्रम. आपल्याकडे क्रम हा निवेदकाच्या आणि पब्लिकच्या हातात असतो, म्हणून नुसत्या ‘नेक्स्ट’वर राहू नका.

दोन पातळ्या करा. गाणं निवडायचं ते नंबराने किंवा स्क्रीनवर नावाला हात लावून, आणि गाण्याच्या आतले भाग, म्हणजे इंट्रो, मुखडा, पहिला पीस, अंतरा, हे मात्र पेडलने पुढे. गाण्याचा नंबर कायमचा ठरवा, आज तिसरं असो की तेरावं, नंबर बदलणार नाही, दोन-चार शोमध्ये तो हाताला पाठ होतो. वन्स मोअरसाठी ‘ह्या गाण्याच्या पहिल्या भागावर परत’ असं एक वेगळं बटण ठेवा. पेडलबद्दल एक खबरदारी, साधा फूटस्विच दाबताना १२७ पाठवतो आणि सोडताना ०, होस्टने दोन्ही धरले तर एका दाबात दोन भाग पुढे जाल, म्हणून फक्त दाबल्याचा मेसेज घ्यायचा. गिग परफॉर्मरमधलं प्रेडिक्टिव्ह लोडिंग, म्हणजे फक्त आसपासची गाणी लोड ठेवणं, रॅम कमी असताना कामाचं आहे, पण फर्माईश आली की लांबचं गाणं लोड व्हायला वेळ घेणार, म्हणून शक्यतो बंद ठेवा.

आता पट्टी. गाणं बसवलंय काळी एकमध्ये, आज हवंय पांढरी दोनमध्ये, तुम्ही कंट्रोलरवर ट्रान्सपोज एकने वाढवलं. इथे एक गडबड होते. स्प्लिट समजा नोट ६० वर आहे, म्हणजे ६० पासून वर बासरी. आता ५९ ची की दाबली तरी लॅपटॉपला ६० मिळतो आणि डाव्या हाताच्या कॉर्डच्या टोकाला बासरी वाजते. खाली ठेवलेले कीस्विच (वाजवण्याची पद्धत बदलणाऱ्या की) असतील तर तेही सरकतात, पिझिकाटोच्या जागी ट्रेमोलो. म्हणून कंट्रोलर नेहमी शून्यावर, ट्रान्सपोज होस्टमध्ये, आणि तेही स्प्लिटच्या नंतर, कीस्विच आणि ड्रम-तबल्याचा झोन सोडून. बदलताना हात कीवरून उचललेला असू द्या. आणि गाणं संपलं की ट्रान्सपोज आपोआप शून्यावर येईल असं प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीलाच सेट करा, मागच्या गाण्याची पट्टी पुढच्या गाण्यात जाता कामा नये.

प्रश्न: ऑक्टोपॅडही त्याच लॅपटॉपला जोडलाय. ऑक्टोपॅडवाल्याने पॅच बदलला की माझाही बदलतो.

तुमचा होस्ट सगळ्या पोर्टवरून, सगळ्या चॅनेलवरून प्रोग्रॅम चेंज ऐकतोय. ऑक्टोपॅडला चॅनेल १० द्या, तुमचा कंट्रोलर १ वर, आणि होस्टला सांगा की गाणं बदलायचा हुकूम फक्त चॅनेल १ चा. ऑक्टोपॅडमध्ये प्रोग्रॅम चेंज पाठवणं बंद करता येत असेल तर तेही करा.

प्रश्न: प्रत्येक टोनला आवाज कमीजास्त, साउंडवाला वैतागतो.

त्याचं बरोबर आहे. घरी हेडफोनवर लेव्हल जुळवल्या की असंच होतं. शक्य असेल तर रिहर्सलच्या स्पीकरवर, शोएवढ्या मोठ्या आवाजात, आणि मोनोमध्ये ऐकून जुळवा, कारण बऱ्याच मांडवांत पीए, म्हणजे स्पीकरची सिस्टीम, मोनोच असतो आणि स्टिरिओमधला रुंद पॅड मोनोमध्ये अर्धा गायब होतो. सोलोचा टोन थोडा वर, पॅड खाली, पियानो मध्ये. बॅलन्स एकदा होस्टमध्ये लावला की त्याला हात लावायचा नाही, वाजवताना चढउतार एक्स्प्रेशन पेडलने, सीसी ११ वर. कंट्रोलरच्या नॉबला पिकअप मोड लावा, म्हणजे नॉब सेव्ह केलेल्या जागेवर येईपर्यंत काही बदलत नाही, नाहीतर पॅच बदलल्यावर नॉबला नुसता धक्का लागला तरी आवाज उडी मारतो.

प्रश्न: शो चालू असताना लॅपटॉप हँग झाला तर? बॅकअप काय ठेवू?

आधी हँग होऊ नये म्हणून: वायफाय बंद, विंडोज अपडेट पॉज, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, चार्जर लावलेला. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी तयार करतो तेवढा आवाजाचा तुकडा, ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल ठेवला तर उशीर साधारण २.७ मिलिसेकंद, २५६ ला ५.३. क्लिक किंवा फटफट येत असेल तर खुशाल २५६ वर जा, तेवढ्याने हाताला फरक पडत नाही.

बॅकअप म्हणून दुसरा लॅपटॉप प्रत्येकाला परवडत नाही, पण कंट्रोलरच्या जागी स्वतःचे टोन असलेला कीबोर्ड बरेच जण वापरतात, आणि हाच उत्तम बॅकअप आहे. लॅपटॉपसोबत वाजवताना बहुतेक जण लोकल ऑफ करतात, म्हणजे की दाबल्यावर कीबोर्डचा स्वतःचा आवाज येत नाही, त्यामुळे लॅपटॉप गेला की कीबोर्डही मुका होतो आणि मेनू शोधत बसावं लागतं. त्यापेक्षा लोकल ऑनच ठेवा आणि कीबोर्डचं आउटपुट मिक्सरवर वेगळ्या चॅनेलला देऊन तो फेडर खाली ठेवायला सांगा. होस्टमधून कीबोर्डकडे नोट्स परत पाठवू नका, फक्त प्रोग्रॅम चेंज पाठवा, म्हणजे तुम्ही लॅपटॉपवर पॅच बदलाल तसा कीबोर्डचाही जवळचा टोन आपोआप लागत राहील. इथे कीबोर्डला बँक सिलेक्ट लागेल, तो होस्टमध्ये गाण्यासोबत सेव्ह करा. लॅपटॉप बंद पडला की कीबोर्ड त्याच टोनवर उभा असतो, साउंडवाल्याला खूण केली की तो फेडर वर करतो. ही खूण कुठली ते साउंडचेकलाच त्याच्याशी ठरवून घ्या, आणि कीबोर्डचा फेडर किती वर न्यायचा ते मिक्सरवर टेप लावून मार्क करून ठेवा.