स्थलांतरित घरांतली मुलं बॉक्सिंगमध्ये एवढी पुढे कशी गेली? एखाद्या विजेत्याच्या आयुष्यावरून सांगाल का?

या प्रश्नाला अमेरिकेच्या रॉकी मार्सियानोचं उदाहरण चाललं असतं, ब्रिटनच्या नसीम हमीदचंही चाललं असतं. दोघंही परदेशातून येऊन बसलेल्या आईबापांची मुलं. पण तुम्ही 'कशी' असं विचारलंय, म्हणून मी 1930 च्या दशकातला अमेरिकन ज्यू जगज्जेता बार्नी रॉस निवडतो. त्याचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. मात्र ही मुलं रिंगमध्ये का शिरली, तिथे त्यांना कुणी आणि का पैसे दिले, आणि पुढे ती तिथून का दिसेनाशी झाली, हे सगळं त्याच्या एकट्याच्या आयुष्यात सापडतं.

'पोट रिकामं असलं की ठोसा जोरात बसतो' हे उत्तर तुम्हाला बरेच जण देतील. मला ते अर्धवट वाटतं. गरिबी तर खेड्यापाड्यांतही होती, तिथून विजेत्यांची रांग लागली नाही. रांग लागली ती न्यूयॉर्क, शिकागो, फिलाडेल्फिया अशा शहरांतल्या ठरावीक मोहल्ल्यांतून.

बार्नीचे आईवडील ब्रेस्ट-लिटोव्स्कचे. ते गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज बेलारूसमध्ये आहे. ज्यूंवर होणाऱ्या हल्ल्यांना कंटाळून ते अमेरिकेत आले. मुलगा 23 डिसेंबर 1909 रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मला. घरातलं नाव दोव-बेर, आडनाव रसॉफ्स्की. पुढे कुटुंब शिकागोला गेलं आणि मॅक्सवेल स्ट्रीटच्या ज्यू वस्तीत वडिलांनी छोटंसं किराणा दुकान टाकलं. वडील धर्मग्रंथांचे अभ्यासक होते. दुकान पोटासाठी, जीव सगळा पोथीत. मुलानेही तेच करावं, शिकवावं, अशी त्यांची इच्छा. मारामारी हे आपल्या लोकांचं काम नव्हे, आपण विद्वानांची जात, असं ते बजावून सांगत.

डिसेंबर 1923 मध्ये दरोडेखोरांनी त्यांना त्यांच्याच दुकानात गोळी घालून मारलं. मुलाला चौदावं पूर्ण व्हायचं होतं.

त्यानंतर घर उभं राहिलं नाही. आईच्या मनावर एवढा आघात झाला की तिला नातेवाइकांकडे पाठवावं लागलं. धाकटी तीन भावंडं, इडा, जॉर्ज आणि सॅम, अनाथाश्रमात आणि इकडेतिकडे विखुरली. पोराने देवावरचा विश्वास झटकला, शाळा सोडली आणि रस्त्यावर उतरला. चोऱ्यामाऱ्या, जुगार, शिकागोचा गुंडसरदार अल कपोन याच्या माणसांची किरकोळ निरोप-पोच. त्या काळातला त्याचा एक दोस्त होता जॅक रुबेनस्टाइन. याला लक्षात ठेवा, तो पुढे येतो.

आता बॉक्सिंग. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं इथे दडलंय, म्हणून जरा थांबतो. तीन भावंडांना परत आणायचं तर पैसा हवा, आणि तो लवकर हवा. शिक्षणाचा मार्ग लांबचा. त्यात त्या काळी अनेक नामांकित विद्यापीठांनी ज्यू मुलांच्या प्रवेशावर न बोलता मर्यादा घातलेली. बऱ्याच कचेऱ्यांत रसॉफ्स्की आडनाव ऐकूनच दार बंद होई. बॉक्सिंगची व्यायामशाळा मात्र गल्लीच्या टोकाला होती, तिथे दाखला कुणी मागत नव्हतं, आणि लढत संपली की त्याच रात्री हातात काहीतरी पडायचं. हौशी खेळाडूला रोख रक्कम देता येत नसे, पदकं आणि घड्याळं मिळत. बार्नी ती सावकाराकडे गहाण टाकायचा आणि आलेले दोन-तीन डॉलर बाजूला ठेवायचा. आईला कळू नये म्हणून त्याने नाव बदललं आणि दोव-बेर रसॉफ्स्कीचा बार्नी रॉस झाला.

हे झालं मुलाच्या बाजूचं. दुसरी बाजू तिकीट विकणाऱ्याची, आणि ती लोक विसरतात. 1920 आणि 30 च्या दशकात बॉक्सिंगचा धंदा आडनावांवर चालायचा. आयरिश विरुद्ध ज्यू, ज्यू विरुद्ध इटालियन, अशी लढत लावली की दोन्ही वस्त्या आपापला माणूस बघायला लोटायच्या. जे आडनाव कचेरीत नडत होतं त्यालाच इथे किंमत होती. लढती भरवणाऱ्यांना स्थलांतरितांचा पुळका होता असं मुळीच नाही. त्यांना भरलेल्या खुर्च्या हव्या होत्या. पण त्यामुळे या मुलांना संधी मिळाली, प्रशिक्षक मिळाले, सरावाला तोडीस तोड जोडीदार मिळाले. एका वस्तीतून एक विजेता निघाला की त्याच्या मागे शंभर पोरं हातमोजे घालायची. बार्नीच्या पिढीसाठी तो विजेता म्हणजे बेनी लेनर्ड, न्यूयॉर्कच्या ज्यू वस्तीतला, 1917 ते 1925 लाइटवेट या हलक्या वजनगटाचा जगज्जेता.

1929 मध्ये बार्नीने गोल्डन ग्लव्ह्ज ही हौशी स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी तो व्यावसायिक झाला. सॅम पियान आणि आर्ट विंच हे त्याचे व्यवस्थापक. तो एका ठोशात आडवं करणारा कधीच नव्हता. कारकिर्दीत 72 विजय, त्यांतले नॉकआउट फक्त 22. त्याची ताकद पायांत आणि डाव्या हातात होती: सतत टोचणारा जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा), चटकन आत शिरून तीन-चार ठोसे आणि समोरच्याचा हात येईपर्यंत बाहेर. ठोसा खाऊन उभं राहण्याची कुवत तर अचाट. चार पराभव झाले, चारही पंचांनी दिलेल्या गुणांवर. त्याला रिंगमध्ये थांबवणं कुणालाच जमलं नाही.

23 जून 1933 रोजी शिकागोत त्याने टोनी कॅन्झोनेरीला दहा फेऱ्यांत गुणांवर हरवलं आणि लाइटवेट व त्याच्या वरच्या गटाचं ज्युनियर वेल्टरवेट अशी दोन विजेतेपदं एका रात्रीत घेतली. घरच्या प्रेक्षकांपुढे जिंकला, दहाच फेऱ्या होत्या, अशी कुरकुर झाली. मग सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला जाऊन पंधरा फेऱ्यांत पुन्हा हरवलं. विजेतेपदाचे पैसे आले आणि ज्या कामासाठी हे सगळं सुरू झालं होतं ते झालं: आई आणि भावंडं पुन्हा एका छपराखाली आली. त्याच वर्षी जानेवारीत जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता. अमेरिकेतल्या ज्यूंना असा एक विजेता तेव्हा किती हवा असेल, हे वेगळं सांगायला नको.

मग जिमी मॅकलार्निन. या तीन लढतींसाठी तरी रॉस वाचावा. मॅकलार्निन आयर्लंडमध्ये जन्मलेला, कॅनडात व्हँकुव्हरला वाढलेला, म्हणजे स्थलांतरितच. त्याने इतके ज्यू लढवय्ये हरवले होते की वर्तमानपत्रांनी त्याला त्यावरून टोपणनावंच चिकटवली होती. 1929 च्या शेअर बाजाराच्या पडझडीत पैसा गमावल्यावर परत रिंगमध्ये उतरलेल्या बेनी लेनर्डलाही 1932 मध्ये त्यानेच हरवलं. त्यामुळे 28 मे 1934 ची, आणखी वरच्या वेल्टरवेट गटाच्या विजेतेपदाची लढत तिकीटविक्रीच्या दृष्टीने सोन्याची खाण होती. बार्नी वजनाने हलका. नवव्या फेरीत दोघंही एकेकदा खाली गेले, दोघंही लगेच उठले. पंधरा फेऱ्यांनंतर पंचांचा निकाल बार्नीच्या बाजूने, पण एकमताने नव्हे. सप्टेंबरमध्ये मॅकलार्निनने विजेतेपद परत घेतलं, तेही दुमताने. पहिल्या लढतीला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, 28 मे 1935 रोजी, तिसरी लढत झाली. रेफरी होता माजी हेवीवेट विजेता जॅक डेम्प्सी. या वेळी बार्नी एकमताने जिंकला. या दोघांत कुणाला थोर म्हणायचं यावर मी वाद घालणार नाही, पण पंचेचाळीस फेऱ्यांनंतरही कुणी कुणाला संपवू शकला नाही, हे मला कुठल्याही नॉकआउटपेक्षा भारी वाटतं.

पैशाचं काय झालं? बराचसा घोड्यांच्या शर्यतींवर गेला. भावंडांसाठी पै-पै जोडणारा हाच माणूस, त्यामुळे मला हे सुरुवातीला पटेना. पण जुगार त्याला मॅक्सवेल स्ट्रीटवरच लागला होता, आणि घर सावरल्यावर पैसा जपायला कारण उरलं नसावं.

31 मे 1938 ची लढत ही माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला कळीचा प्रसंग. समोर हेन्री आर्मस्ट्राँग, लाइटवेटपेक्षाही हलक्या फेदरवेट गटाचा विजेता, बार्नीपेक्षा आठेक पौंडांनी हलका आणि न थांबणारा. पहिल्या काही फेऱ्या बार्नीच्या, पुढे एकतर्फी मार. डोळा मिटत आलेला, पाय जड झालेले. कोपऱ्यातली माणसं लढत थांबवायला निघाली तर त्याने अडवलं. थांबवलंत तर पुन्हा तुमच्याशी बोलणार नाही, असं सांगितलं. पंधराही फेऱ्या उभा राहिला, हरला, आणि पुन्हा कधी लढला नाही. वय अठ्ठावीस. लोक ही लढत हिंमतीची गोष्ट म्हणून सांगतात, ते ठीकच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आर्मस्ट्राँगचा जन्म मिसिसिपीतला. दक्षिणेकडून शहरांत गेलेल्या लाखो कृष्णवर्णीयांपैकी, सेंट लुईसला आलेल्या एका कुटुंबातला तो. तोही एका अर्थी स्थलांतरित, फक्त देशातल्या देशात. 1924 च्या कायद्याने पूर्व युरोपातून येणाऱ्यांची वाट जवळपास बंद केली होती, आणि आधी आलेल्यांची धाकटी मुलं हळूहळू दुकानदारीत, वकिलीत, डॉक्टरीत शिरत होती. त्यांना आता नाक फोडून घ्यायची गरज नव्हती. ज्यांना ती होती ते पुढच्या रांगेतले होते.

रिंगनंतरचं आयुष्य थोडक्यात सांगावं असं नाही, पण उत्तर फार लांबतंय. 1942 मध्ये, बत्तिशीत, वयाची अट शिथिल करून घेऊन तो मरीन दलात भरती झाला. मुलांना बॉक्सिंग शिकवत सुरक्षित राहता आलं असतं. त्याने लढायला पाठवा म्हणून हट्ट धरला. नोव्हेंबर 1942 मध्ये प्रशांत महासागरातल्या ग्वाडलकॅनाल बेटावर जखमी साथीदारांसोबत तो एका खड्ड्यात अडकला. रात्रभर बंदूक आणि हातबाँब चालवून त्याने जपानी सैनिकांना दूर ठेवलं. त्याबद्दल सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक मिळालं. त्याच बेटावर नाताळच्या आदल्या रात्री कॅथलिक धर्मगुरूंच्या प्रार्थनेला ऑर्गन वाजवायला या ज्यू सैनिकाला बसवलं होतं, आणि भक्तिगीतं झाल्यावर त्याने पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश भाषेतलं आईवरचं एक गाणं वाजवलं.

परत आला तो मलेरिया, जखमा आणि मॉर्फिन घेऊन. इस्पितळात वेदनांवर दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन जडलं. पैसा आटला, संसार मोडला. 1946 मध्ये तो स्वतःहून अधिकाऱ्यांपुढे गेला आणि केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी इस्पितळात दाखल झाला. तिथली उपचारपद्धती दयाळू नव्हती. 1947 च्या सुरुवातीला तो बाहेर पडला, बायको पुन्हा त्याच्याकडे आली, आणि तो मुलांपुढे जाऊन आपल्या व्यसनाबद्दल उघड बोलू लागला. युद्धवीराने असं बोलणं त्या काळी कुणाच्या पचनी पडणारं नव्हतं. त्याच्या सगळ्या धाडसांत मी हे वर ठेवतो.

आणि तो दोस्त रुबेनस्टाइन? त्याने आडनाव छाटून 'रुबी' केलं. नोव्हेंबर 1963 मध्ये, अध्यक्ष केनेडींच्या हत्येनंतर दोन दिवसांनी, डॅलसमध्ये ली हार्वी ऑसवाल्डला गोळी घालणारा तो हाच जॅक रुबी. 1964 च्या खटल्यात त्याच्या स्वभावाबद्दल साक्ष द्यायला बार्नी रॉस गेला. एकाच गल्लीत वाढलेली ही दोन पोरं. त्यामुळे 'बॉक्सिंगने वाचवलं' हे वाक्य मी जपून वापरतो. बॉक्सिंगने बार्नीला कपोनच्या माणसांपासून वाचवलं, पण शर्यतींपासून किंवा मॉर्फिनपासून नाही.

जानेवारी 1967 मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी, घशाच्या कर्करोगाने तो शिकागोत गेला. 1990 मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेमने पहिल्यांदा नावं निवडली, त्या पहिल्याच तुकडीत तो आहे.

तुम्हाला आणखी खोलात जायचं असेल तर आर्मस्ट्राँगविरुद्धच्या लढतीची जुनी चित्रफीत शोधा. शेवटच्या फेऱ्या बघवत नाहीत, त्या सोडल्यात तरी चालेल. पहिल्या तीन-चार फेऱ्यांत बार्नीचा डावा हात बघा: आर्मस्ट्राँग डोकं खाली घालून आत घुसतोय आणि हा प्रत्येक वेळी अर्धं पाऊल मागे सरून त्याला जॅब मारतोय.