बाहेर नेले की काही नाही, आत आणले की लगेच!

“भर पावसात छत्री धरून मी पिल्लाबरोबर उभी राहते, ते नुसते माती हुंगत बसते, आणि उंबरठ्याच्या आत पाऊल टाकले, की सोफ्यामागे जाऊन शू-शी सगळे उरकते. मुद्दामच करते ना हो हे?” कुत्र्याचे पिल्लू नव्याने घरी आणलेले लोक माझ्याकडे येतात तेव्हा हा प्रश्न थोड्याफार फरकाने ठरलेलाच असतो. एका जुलै महिन्यात फोंडा तालुक्यातील एक कुटुंब तो घेऊन आले. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून त्यांची हकिकत येथे मांडत आहे.

घर जुने, कौलारू. पुढे सोपा, मागे पडवी. पिल्लू गावठी, साधारण तीन महिन्यांचे, ओळखीच्या एका गॅरेजमधून आणलेले. सूनबाई त्याला बाहेर नेत, आणि संध्याकाळी कामावरून परतलेले त्यांचे यजमान घरात कुठे घाण दिसली की पिल्लाला तेथे ओढत नेऊन त्याचे नाक फरशीला घासत. आजींची चिंता निराळी होती. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली होती, घर पाहुण्यांनी भरणार होते, आणि गणपतीच्या वर फळे-भाज्या बांधून टांगतात त्या माटोळीखाली या प्राण्याने काही केले तर काय, या विचाराने त्यांना झोप लागत नव्हती. त्या धास्तीमुळे सर्वांनाच घाई झाली होती.

पिल्लू वारंवार थेंब थेंब करते का, करताना कुंथते का, लघवीत रक्त दिसते का, हे मी आधी विचारून घेतले. यांपैकी काहीही असेल, तर शिकवणीच्या आधी पशुवैद्याकडे जावे लागते. येथे तसे काही नव्हते.

“त्याला सगळे कळते. आम्ही नुसते त्या जागेकडे पाहिले तरी कान पाडून बसते,” यजमान म्हणाले. कान पडतात ते चढलेल्या आवाजामुळे आणि ताठ झालेल्या अंगामुळे. दुपारी केलेल्या शूचा संध्याकाळच्या शिक्षेशी संबंध जोडणे पिल्लाला शक्य नसते. कोणतेही बक्षीस किंवा शिक्षा ते त्या क्षणी जे घडत असेल त्याच्याशीच जोडते. मात्र या शिक्षेतून ते एक गोष्ट पक्की शिकले होते: माणूस आणि शू एकाच जागी असले की शिक्षा होते. म्हणूनच दोरी धरून शेजारी उभ्या असलेल्या सूनबाईंच्या देखत ते आवरून धरत असे आणि आत येऊन नजर चुकताच सोफ्यामागे जात असे. तेव्हा ‘मुद्दाम’ हा शब्द अगदीच चुकीचा नव्हता; पिल्लू जागा खरोखरच निवडत होते, पण खोडीसाठी नव्हे, तर भीतीपोटी.

“आमच्या लहानपणी कुत्र्यांना कोणी शिकवले?” हाही आक्षेप आला. कोणीच शिकवले नाही, कारण ती कुत्री अंगणात वाढली, पडवीत झोपली आणि घरात कधी आलीच नाहीत.

त्यांच्या घरी गेल्यावर मी पिल्लाच्या नेहमीच्या जागा दाखवायला सांगितल्या. सोफ्यामागे, स्वयंपाकघराच्या दाराशी आणि न्हाणीजवळ, तिन्ही ठिकाणी पाय पुसायला गोणपाट अंथरलेले होते, जसे पावसाळ्यात गोव्यात बहुतेक घरांत असते. सोफ्यामागचे तर वाळायला म्हणून सरकवून ठेवलेले होते. गॅरेजमधली ही पिल्ले पोत्यांवरच वाढली होती. ज्या पृष्ठभागावर पिल्लू पहिल्या आठवड्यांत शू करते, तोच पायाखाली आला की त्याला मोकळे व्हावेसे वाटते, आणि ही आवड दोनएक महिन्यांच्या वयातच बनू लागते. शिवाय फरशी फिनेलने पुसली जात होती. आपल्या नाकाला त्याने समाधान वाटते, पण कुत्र्याच्या नाकाला खालचा मूत्राचा वास लागतोच, आणि पाय चाटणाऱ्या पिल्लासाठी फिनेल बरेही नव्हे. त्याऐवजी एन्झाइम असलेला क्लीनर वापरायला सांगितला. (व्हिनेगरही पुष्कळजण सुचवतात, शहाबादीवर मात्र ते वापरू नये, चट्टे पडतात.)

घरातली सारी गोणपाटे उचलून त्यांपैकी एक, न धुतलेलेच, मागच्या पडवीच्या टोकाला वळचणीखाली घातले. पावसाचा प्रश्न तेथेच मिटला. पिल्लाचे लसीकरण पुरे झालेले नव्हते आणि मोकाट कुत्री फिरतात त्या रस्त्यावर पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा धोका असतो, म्हणून दूर नेणे तसेही योग्य नव्हते. पुढे ते गोणपाट कापून लहान करत हळूहळू मातीकडे सरकवायचे होते.

वेळा मात्र काटेकोर ठरवल्या: झोपेतून उठल्यावर, खेळ थांबल्यावर, जेवणानंतर पंधरा ते तीस मिनिटांत आणि रात्री निजण्यापूर्वी. तीन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन-चार तास धरून ठेवू शकते, तेही झोपेत. जागेपणी इतका वेळ गृहीत धरू नये. पडवीत काही केले नाही, तर आत आणून मोकळे सोडायचे नाही. दोरी हातातच ठेवून दहा मिनिटांनी पुन्हा न्यायचे. सूनबाईंच्या मूळ प्रश्नाचे उत्तर बहुतांशी याच दहा मिनिटांत होते. केले, तर तेथल्या तेथे शाबासकी आणि उकडलेल्या कोंबडीचा तुकडा द्यायचा, कारण स्वयंपाकघरात परतल्यावर दिलेला तुकडा हा परतण्याचे बक्षीस ठरतो. मग थोडे खेळू द्यायचे. शू होताच फेरी संपते असे पिल्लाच्या लक्षात आले, तर ते लांबवत राहते.

यजमानांनी शिक्षा थांबवली, पण त्यांच्यासमोर पिल्लू मोकळे व्हायला सर्वांत जास्त काळ लागला. घरातले प्रकार काही आठवड्यांत बरेच कमी झाले, तरी गडगडाटाच्या रात्री चूक होत राहिली. मूत्राशयावरचा ताबा चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान पक्का होत जातो, हे त्यांना आधीच सांगितले होते.

चवथीच्या दिवशी सूनबाईंचा फोन आला. देवाच्या खोलीत काही झाले नव्हते, पण दारात एक पाहुणे कौतुकाने खाली वाकताच पिल्लाने अंग चोरून जागेवरच शू केली होती. ही शिकवणीतली त्रुटी नव्हे. अनोळखी मोठ्या माणसासमोर पिल्लू अशी शरणागती दाखवते, त्यावर रागावले तर ती वाढते आणि दुर्लक्ष केले तर बहुधा वयाबरोबर ओसरते. येणाऱ्यांनी वाकू नये, बाजूला बसावे आणि पिल्लाला आपणहून जवळ येऊ द्यावे, एवढे सांगितले. ती सूचना दारात उभे राहून प्रत्येकाला देण्याचे काम आजींनी स्वतःकडे घेतले.