सरकार सगळं पाहू शकत असेल, तर नागरिकाने आवाज उठवून काय होतं?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पहिला असा की फोन, कॅमेरे, इंटरनेट या सगळ्यांतून लोकशाही सरकारंसुद्धा पाळत ठेवू शकतात, तर कोर्टात जाऊन, अर्ज करून, मोर्चे काढून काही बदलतं का? दुसरा तुम्ही शेवटी जरा संकोचून विचारलाय: मोर्चाला जाताना फोन घरी ठेवावा का? दुसऱ्याचं उत्तर शेवटी देतो. पहिल्याला वेळ लागेल.

आधी माझा या विषयाशी संबंध काय ते सांगतो. मी काही वर्षं एका मोबाइल कंपनीच्या नोडल डेस्कवर होतो. तपास यंत्रणांकडून पत्रं यायची, ती तपासायची आणि मागितलेल्या नंबरचा सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, काढून द्यायच्या. लोकांना वाटतं पाळत म्हणजे कुणीतरी हेडफोन लावून आपलं बोलणं ऐकत बसलंय. माझ्या टेबलावरून जायची ती साधी एक्सेल फाइल. एका ओळीत तुमचा नंबर, समोरचा नंबर, तारीख, वेळ, किती सेकंद बोललात, कॉल सुरू झाला तेव्हा कुठल्या टॉवरवर होतात, संपला तेव्हा कुठल्या, आणि हँडसेटचा आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा ओळख क्रमांक. बोलण्यातला एक शब्दही त्यात नाही. तरीही महिनाभराच्या ओळी एकाखाली एक लावल्या की माणूस उघडा पडतो. रात्री अकरा ते सकाळी सात जो टॉवर येतो ते घर. दर मंगळवारी दुपारी तासभर जो येतो त्याच्या टप्प्यात एकच मोठी इमारत असेल आणि ती कर्करोगाचं हॉस्पिटल असेल, तर पुढचं सांगायला नको. एका फाइलमध्ये रोज रात्री चाळीस-चाळीस मिनिटं चालणारा एक नंबर होता. एका तारखेला तो थांबला. त्यानंतर दोन आठवडे त्याच नंबरला तीन सेकंद, चार सेकंद, तीन सेकंद असे कॉल. मी फाइल बंद केली आणि चहा प्यायला बाहेर गेलो.

त्याच डेस्कवर एकदा आलेल्या पत्रात नंबरचा एक आकडा चुकला होता. आम्ही पत्रातल्या नंबरचा सीडीआर पाठवला. तीन दिवसांनी दुसरं पत्र आलं, आधीचा नंबर चुकीचा होता, हा घ्या. नवीन फाइल गेली. पण जुन्या फाइलचं काय? ज्याचा कुठल्याही प्रकरणाशी संबंध नव्हता, त्याचे सहा महिने कुणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये राहिले असणार. त्याला हे कधीही कळणार नाही. ‘त्याला कळवायचं का?’ असं मी विचारलं तेव्हा साहेब हसले. त्यांचं खरं होतं, तसं कळवायची पद्धतच नव्हती.

माझ्या मते सगळं इथे अडतं. सरकारकडे काय काय यंत्रं आहेत हा मुद्दा मला दुय्यम वाटतो. ज्याच्यावर पाळत आहे त्याला ते कळतच नाही, आणि कळत नाही म्हणून त्याला तक्रारही करता येत नाही. ‘तुमच्यावर पाळत आहे याला पुरावा काय?’ एवढं विचारलं की माणूस गप्प होतो.

अमेरिकेत हे अगदी याच शब्दांत घडलं. वकील, पत्रकार, मानवाधिकार संघटना असे काही जण कोर्टात गेले होते, आपले परदेशी कॉल आणि ईमेल पकडले जातायत म्हणून. 26 फेब्रुवारी 2013 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं, कारण तुमची भीती हा निव्वळ अंदाज आहे. त्यानंतर साधारण शंभर दिवसांनी, 5 जूनला, अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेला पहिला कागद छापून आला. व्हेरायझन या कंपनीने आपल्या ग्राहकांच्या कॉलच्या सगळ्या नोंदी रोजच्या रोज द्याव्यात, असा गुप्त न्यायालयाचा आदेश. सगळ्यांच्या, संशयितांच्याच असं नव्हे. मग एसीएलयू ही नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना कोर्टात गेली, आणि ती स्वतः व्हेरायझनची ग्राहक असल्यामुळे ‘पुरावा काय’ हा प्रश्न उरलाच नाही. मे 2015 मध्ये अपील न्यायालयाने तो कार्यक्रम कायद्यात बसत नाही असं सांगितलं, आणि जूनमध्ये संसदेने कायदा बदलून घाऊक गोळा करणं बंद केलं. दोन्ही खटल्यांत कायद्याची कलमं वेगळी होती हे खरं, पण वकिलांच्या बुद्धीत काही फरक पडला नव्हता. मध्ये फक्त एक कागद आला होता.

म्हणून ‘आवाज उठवणं’ यापेक्षा ‘कागद मिळवणं’ हा शब्द मला जवळचा वाटतो. दर वेळी त्यासाठी स्नोडेनसारखं देश सोडून पळावं लागत नाही. जर्मनीतल्या ग्रीन पक्षाच्या माल्टे श्पिट्झने काय केलं बघा. त्याने आपल्या मोबाइल कंपनीकडे माझ्याबद्दल काय साठवलंय ते द्या, अशी मागणी केली. कंपनी देईना, तेव्हा दावा लावला. शेवटी ऑगस्ट 2009 ते फेब्रुवारी 2010 या सहा महिन्यांच्या 35,830 ओळी त्याच्या हातात आल्या. अगदी माझ्या डेस्कवरच्या ओळींसारख्याच. 2011 मध्ये त्याने त्या एका वृत्तपत्राला दिल्या आणि त्यांनी त्याचा चालता-फिरता नकाशा केला: बटण दाबलं की ठिपका ट्रेनमधून निघतो, शहरात उतरतो, रात्री झोपतो. ‘मेटाडेटा’ (म्हणजे बोलणं सोडून बाकीच्या या नोंदी) या शब्दावर लेख वाचून कुणी हललं नसतं, तो ठिपका बघून लोक हलले. अशा नोंदी साठवायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध चौतीस हजारांहून जास्त जर्मन नागरिकांनी आधीच तक्रार दाखल केली होती, आणि मार्च 2010 मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो रद्द केला. चार वर्षांनी, एप्रिल 2014 मध्ये, युरोपीय न्यायालयाने त्याच्या मुळाशी असलेला युरोपभरचा निर्देशही मोडीत काढला.

कागद मिळवायची दुसरी जागा म्हणजे खरेदी, आणि इथे कार्यकर्त्यांचं लक्ष कमी जातं. पाळत गुप्त असली तरी यंत्रं विकत घ्यावी लागतात. प्रस्ताव येतो, मंजुरी लागते, बिल निघतं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये बंदराच्या सुरक्षेच्या नावाखाली शहरभरचे कॅमेरे आणि इतर यंत्रणा एकाच खोलीत जोडायचं ठरत होतं. लोकांनी माहितीचे अर्ज करून कागद मागवले, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या सभांना गर्दी केली, आणि मार्च 2014 मध्ये नगर परिषदेने तो प्रकल्प बंदरापुरताच ठेवला. पुढे शहरात एक कायमचा गोपनीयता आयोग आला, ज्यात साधे नागरिक बसतात. सॅन फ्रान्सिस्कोने मे 2019 मध्ये शहराच्या खात्यांना चेहरा ओळखणारं तंत्रज्ञान वापरायला बंदी केली, ती बातमी जगभर गेली. पण त्याच ठरावात पाळतीचं कुठलंही उपकरण घेण्याआधी उघड सभेत मंजुरी घ्यायची अट होती, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. बंदी एका यंत्रावर असते. ही अट उद्या येणाऱ्या यंत्रालाही लागू होते.

आपल्याकडेही ‘कळलं तरच दाद मागता येते’ हे सूत्र तपासून पाहता येतं. फोन टॅपिंगसाठी 1996 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले: आदेश वरिष्ठ पातळीवरूनच निघावा, कारणं नोंदवावीत, समितीने फेरतपासणी करावी. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचे फोन टॅप करण्याचे तीन आदेश रद्द केले आणि ती रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितली. लाचेचं प्रकरण असलं तरी टॅपिंगसाठी कायद्याने लागणारी सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता त्यात कुठे आहे, असा मुद्दा होता. पण त्याला दाद मागता आली ती त्याच्यावर खटला झाला आणि टॅपिंग उघड झालं म्हणून. ज्यांच्यावर खटलाच होत नाही, त्यांचं टॅपिंग कायम अंधारात. ज्याला आरोपी केलं त्याला दाद मागता येते आणि ज्याच्यावर काहीच आरोप नाही त्याला नाही, ही विचित्र गोष्ट मला अजून पचलेली नाही.

हरणंही भरपूर आहे, ते लपवत नाही. स्नोडेनच्या कागदांनंतर ब्रिटनमध्ये काय झालं? 2016 मध्ये नवा कायदा आला आणि जे चोरून चालत होतं त्यातलं बरंचसं रीतसर कायदेशीर झालं. जर्मनीने नोंदी साठवण्याचा कायदा 2015 मध्ये थोडा बदलून पुन्हा आणला. अमेरिकेतलं परदेशी संभाषणांवरचं कलम, ज्यावरून ते वकील आणि पत्रकार परत पाठवले गेले होते, ते एप्रिल 2024 मध्ये आणखी दोन वर्षांसाठी वाढवलं गेलं. एकदा जिंकून घरी बसता येत नाही. दर काही वर्षांनी तेच भांडण नव्या कलमाखाली भांडावं लागतं, आणि दरम्यान तरुण कार्यकर्ते नोकरीला लागलेले असतात. सरकारकडे मात्र त्या कामाला पगारी माणसं असतात.

‘मला लपवण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही, एक गोष्ट सांगतो. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलमध्ये एक माणूस व्यायाम म्हणून सायकल चालवायचा आणि ॲपवर किलोमीटर मोजायचा. त्याच्या नेहमीच्या फेऱ्यांच्या वाटेवर एक घर होतं. 2019 मध्ये एके दिवशी तासाभरात तो तिथून तीनदा गेला आणि त्याच दिवशी तिथे चोरी झाली. पोलिसांनी त्या वेळी त्या जागेजवळ असलेल्या फोनची माहिती गुगलकडे मागितली. जानेवारी 2020 मध्ये याला गुगलचं ईमेल आलं, की अमुक दिवसांत कोर्टात जाऊन अडवलं नाही तर तुमची माहिती पोलिसांना देऊ. आईवडिलांकडून पैसे घेऊन वकील केला तेव्हा सुटका झाली. त्याने काय लपवलं होतं? काहीच नाही. ओळ खरी होती, तिचा अर्थ दुसऱ्या कुणीतरी लावला होता. डेस्कवर असताना मी हेच पाहिलं. दोन नंबर तासभर एकाच टॉवरवर दिसले की ‘भेट झाली’ असं लिहिलं जायचं. एका टॉवरखाली हजारो माणसं असतात.

आता तुमचा फोन. मोर्चाच्या जागेचा टॉवर डंप काढला, म्हणजे त्या वेळेत त्या टॉवरवर असलेले सगळे नंबर मागितले, की तुमचा नंबर त्यात येईल. जानेवारी 2014 मध्ये युक्रेनची राजधानी कीव्हमध्ये आंदोलनाच्या परिसरातल्या लोकांच्या फोनवर थेट मेसेजच आला होता, की दंगलीत सहभागी म्हणून तुमची नोंद झाली आहे. मोबाइल कंपन्या म्हणाल्या, आम्ही पाठवला नाही. पाठवणाऱ्याचा हेतू साधा होता: लोकांनी घरी जावं. लोक गेले नाहीत.

एअरप्लेन मोडवर टाकलेला फोन टॉवरशी बोलत नाही, म्हणून डंपमध्ये येत नाही. मात्र तो घरून निघतानाच टाका, चौकात पोचल्यावर टाकून उपयोग नाही. लोकेशन बंद करा, नाहीतर फोन आतल्या आत नोंद ठेवतो आणि नेटवर्क आलं की वर चढवतो. बोटाच्या ठशाने फोन उघडण्याची सोय बंद करून सहा आकडी पासकोड ठेवा, कारण बोट धरून टेकवता येतं. मेसेजसाठी सिग्नल हे ॲप बरं. 2016 मध्ये अमेरिकेतल्या एका तपासात त्यांच्याकडे माहिती मागितली गेली तेव्हा देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. व्हॉट्सॲपवरही मजकूर कुलूपबंद असतो, पण कोण कुणाशी आणि कधी, हे वेगळं प्रकरण आहे.

घरी ठेवलात तर डंपचा प्रश्नच मिटतो, पण लाठी उगारली गेली तर व्हिडिओ कशावर काढाल? पोलिसांच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण मागायला अर्ज करावा लागतो, आपलं खिशात असतं. मी स्वतः फोन नेतो, एअरप्लेन मोडवर, बॅटरी भरून. एका वकिलाचा नंबर पेनने हातावर लिहितो आणि किती वाजता परत येणार ते घरी सांगून निघतो.