लॉकला कानस लावू नका, आधी लाकूड बघा

तुमची तक्रार अशी: लाँगरायफलीचं (लांब नळीच्या जुन्या ठासणीच्या बंदुकीचं) चकमकीचं लॉक, म्हणजे ठिणगी पाडून बार उडवणारी यंत्रणा, हातात धरून चालवलं तर मऊ चालतं, पण दस्त्यात बसवून बोल्ट आवळला की घोडा रेंगाळत पडतो आणि चाप दगडासारखा जड लागतो. म्हणून सिअरची (चढवलेला घोडा अडवून धरणाऱ्या खिट्टीची) खाच जराशी घासू का?

नका घासू. बहुतेक लॉकांत पोलादाचा कडकपणा फक्त वरच्या पातळ थरात असतो. तो गेला की खाच झिजते आणि चढवलेला घोडा कधी निसटेल याचा भरवसा उरत नाही. शिवाय जे लॉक हातात नीट चालतं, त्याचा दोष काय? अडतंय ते लाकूड.

रायफल रिकामी आहे ना, हे आधी गज घालून बघा. मग लॉकच्या आतल्या भागांना दिव्याची काजळी तेलात कालवून लावा, लॉक बसवा, बोल्ट आवळा, घोडा दोनदा चढवून हाताने धरूनच उतरवा आणि लॉक काढा. लाकडावर जिथे काळं उमटेल, तेवढंच खरवडा. सिअरचा आडवा दांडा जातो ते भोक आणि मोठ्या स्प्रिंगची खालची पाती, हे नेहमीचे गुन्हेगार. बोल्टचं टोक पलीकडून घोड्याला टेकतंय का, तेही पाहा. माझे एकदा दोन रविवार त्यात गेले. मात्र लॉकची पट्टी नळीला चिकटते तिथलं लाकूड खरवडू नका. फट पडली की रंजक (बार पेटवणारी बारीक दारू) आत झिरपते.

आता चाप. खरी मेख तो ज्या खिळीवर फिरतो तिच्या जागेत आहे. खिळीपासून सिअरचा दांडा 6 मिमी आणि बोट 24 मिमी असेल, तर तरफ चौपट. तोच दांडा 12 मिमीवर गेला की नुसती दुप्पट. माझ्या पहिल्या रायफलीत मी खिळ खाली आणि पुढे मारली होती. शेवटी भोकात कठीण लाकडाची खुंटी ठोकून वर, मागे नवं भोक पाडलं.

घोडा अर्धा चढलेला असो की पूर्ण, चाप किंचित खुळखुळला पाहिजे. अर्ध्यावर तो दांड्याला दाबत असेल तर सिअर खाचेत पूर्ण बसत नाही आणि भरलेली बंदूक अवेळी उडू शकते. जोडचाप (एक चाप ओढून दुसरा हलका करायची जोडी) लावायचा असेल तर टम्बलरमध्ये (घोड्यासोबत फिरणाऱ्या, खाचा असलेल्या आतल्या भागात) फ्लाय, म्हणजे सिअरला अर्ध्या खाचेवरून पुढे नेणारी छोटी पाती, हवीच, नाहीतर सुटलेलं सिअर अर्ध्या खाचेत अडकतं.

(भारतातून वाचणाऱ्यांसाठी: 1959च्या शस्त्र कायद्याने ठासणीची बंदूक बनवायलाही परवाना लागतो. आम्हा पेनसिल्व्हेनियावाल्यांचं बघून घरी सुरू करू नका.)

आणि चाचणी घेताना घोड्याच्या जबड्यात चकमकीऐवजी लाकडाचा तुकडा धरा, म्हणजे फ्रिझन (चकमक जिच्यावर घासून ठिणगी पडते ती पोलादी पाती) उगाच झिजणार नाही.